सुई, दोरा, कुलूप, किल्ली

मास्तरांच्या खोलीत मुद्दाम किस्से सांगायला कोणी बसत नाही. चहा यायला उशीर झाला की ते आपोआप निघतात, आणि एकाला बोलावलं की चार येतात. वाशीमच्या एका हायस्कुलात मी ड्रॉइंग शिकवायचो. तिथले माझे निम्मे किस्से राजूरकर सरांचे आहेत, आणि तेही सगळे एकाच धड्याचे.

राजूरकर विज्ञान शिकवायचे, जऊळक्याहून रोज गाडीनं यायचे. पन्नासचं दशक संपत आलं होतं. सुट्टीत ते नागपूरला शिक्षकांच्या वर्गाला गेले आणि एक नवीच गोष्ट ऐकून आले. पेशी दुभंगण्याआधी आपल्यातल्या डीएनएची अख्खी नक्कल काढते! हे पुस्तकात नव्हतं. पण नववीला शिकवल्याशिवाय सरांना चैन पडेना. हेडमास्तर म्हणाले, "एक तास देतो. गोंधळ झाला तर पुन्हा नाव काढायचं नाही."

०

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तोही हेडमास्तरांच्या कपाटात. राजूरकरांनी कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचेखाली ठेवलं आणि हेडमास्तरांना दाखवलं. त्यांना पेशी दिसली, मधोमध तुटायच्या बेतात असलेली. खिशातलं घड्याळ काढून ते तिथेच बसले.

अर्ध्या तासानं म्हणाले, "हे काही फुटून नाही राह्यली. आळशी दिसते."

"साहेब, ती मेलेली आहे. रंगवायच्या आधी मारावीच लागते."

"मंग मले अर्धा तास बसू काहून देल्लं?"

"तुम्ही इतके शांत कधी बसत नाही, साहेब."

०

मग माझी पाळी आली. मला त्यांनी फळ्यावर डीएनएची पिळलेली शिडी काढायला सांगितली. मी बांबूची काढली, गाठींसकट. गाठी त्यांनी चालवून घेतल्या, पण प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची करायला लावली, मधोमध सुटेल अशी.

मी म्हटलं, "अशा शिडीवर चढणार कोण?"

"चढायची नाही मास्तर, उसवायची आहे."

मला वाटलं, माणूस कामातून गेला.

०

आमचे शिपाई गफूरभाई फळा पुसायला आले आणि शिडीपुढे थबकले. नकलेचं त्यांच्या कानावर आलंच होतं. "सर, नक्कल निघाली का असल कुठं जाते?"

राजूरकर खूश झाले. इतका नेमका प्रश्न त्यांना आमच्यापैकी एकानंही विचारला नव्हता. "कुठं जात नाही, गफूरभाई. तिचे दोन धागे सुटे होतात. एकेक धागा आपला जोडीदार नवा बनवून घेतो. दोन्हीकडे अर्धं जुनं, अर्धं नवं."

गफूरभाईंच्या पोरांनी त्याच वर्षी चुली वेगळ्या केल्या होत्या. ते शिडीकडे पाहत म्हणाले, "आमच्या घरी बी तसंच झालं, सर. मी मोठ्याकडं, बुढी लहान्याकडं."

त्या दिवशी फळा पुसायचा राहिला.

०

आता त्या तासाचं सांगतो. राजूरकरांनी नववीला मैदानात नेलं आणि प्रत्येकाच्या खांद्याला कागदी बिल्ला लावला. कोणी सुई, कोणी दोरा, कोणी कुलूप, कोणी किल्ली. नियम एकच: सुईनं दोऱ्याचाच हात धरायचा, कुलपानं किल्लीचाच. समोरासमोर दोन रांगा हात धरून उभ्या राहिल्या. मुली मोजक्याच होत्या, त्यांतल्या निम्म्या एका टोकाला सलग ठेवल्या. बाकीची मुलं-मुली निंबाखाली मोकळी.

सरांनी टाळी वाजवली. हात सुटले, रांगा लांब सरकल्या. निंबाखालची मुलं आपापला जोडीदार शोधत धावली आणि बघता बघता एका शिडीच्या दोन झाल्या. मलासुद्धा तेव्हाच कळलं.

एकच जोडी राहिली. पाटलांची शकुंतला सुई होती, आणि निंबाखालच्यांत दोरा उरली होती कमल. कमल नाल्यापलीकडच्या वस्तीतली. शाळेच्या माठाला तिनं हात लावायचा नाही, तिला पाणी ओंजळीत वरून मिळायचं. कमलनं हात पुढे केला. शकुंतलेनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

हेडमास्तर व्हरांड्यातून पाहत होते. मी राजूरकरांच्या कानाशी लागलो, "बिल्ला बदलून टाका ना. तास हातचा जाईल." सांगायला लाज वाटते, पण हे मीच म्हणालो.

"बदलला तर नक्कल चुकते," ते म्हणाले. मग हळूच, "शकुंतला, सगळे थांबलेत."

घंटा झाली तरी कोणी हललं नाही. कमलचा हात तसाच पुढे. खूप वेळानं शकुंतलेनं पाठीमागून एक हात काढला, घराच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि तो पुढे केला.

कमलनं त्या हाताकडे पाहिलं, आणि आपला हात खाली घेतला.

"सर," ती म्हणाली, "मले दुसरी सुई भेटन का?"