स्टूल कोणी उचललं

आमच्याकडे माणूस गेला की बायका आधी केर-फरशीला लागतात. लोक येणार, घर बरं दिसायला हवं. मीही तेच केलं, अक्कल गहाण टाकून.

धाकटा भाऊ कोपरच्या घरी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून पडला आणि गेला. भावजय हॉस्पिटलच्या गाडीतून गेली. वर मी आणि आई. गावाकडची माणसं निघालेली. मी गॅलरी धुतली, कबुतरांची घाण खरवडली, कठड्याजवळचं स्टूल पुसून स्वयंपाकघरात ठेवलं. संध्याकाळी पोलीस वर येऊन पंचनामा करून गेले.

त्या सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालेलं, सगळ्या मजल्याने ऐकलेलं. आईने एकच धोशा लावला, हिनेच ढकललं.

चार दिवसांनी पोलीस एका तज्ज्ञाला घेऊन आले. भावाच्या वजनाचा बाहुला गॅलरीतून पुन्हापुन्हा खाली सोडायचे आणि टेप लावून अंतर मोजायचे. तोल गेलेला माणूस कुठे पडतो, ढकललेला कुठे, हे त्यावरून ताडता येतं म्हणे. मला बरं वाटलं. शेजाऱ्यांच्या जिभेपेक्षा तो टेप बरा.

भावजय म्हणाली, "हे कबुतरांची जाळी बांधायला स्टूलवर चढलेले. स्टूल इथे होतं, कठड्याला लागून."

"मग पंचनाम्यात ते स्वयंपाकघरात कसं? कोणी हलवलं?" पोलिसांनी विचारलं.

तिला काय ठाऊक, ती हॉस्पिटलात होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं नाही. पुरावा पुसला म्हणून मलाच आत घेतील, नवऱ्याच्या सरकारी नोकरीचं काय होईल, असले हिशोब डोक्यात. भित्री मेली मी.

भाऊ उभा कुठे होता हेच पक्कं नाही, तर बाहुला काय सांगणार? ठामपणे काही सांगता येत नाही, असा शेरा पडला. खटला झाला नाही, पण आईला आयतं कोलीत मिळालं. पोलिसांनीच हिचं खोटं पकडलं, हे ती आमच्या माजिवड्यापासून गावापर्यंत सांगत सुटली. माझ्याच घरी बसून सांगायची, आणि मी तिला चहा करून द्यायचे.

भावजय आता टिटवाळ्याला माहेरी असते. गेल्या महिन्यात कल्याणच्या बाजारात भेटली. केस पिकलेत. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमचा तरी विश्वास आहे ना, स्टूल तिथेच होतं?"

"आहे गं," मी म्हटलं. एवढ्यावरच तिचे डोळे भरून आले. माझे आभार मानून गेली.