येशीमबेतचे मौन

प्रभावास वाणी लागतेच असे नाही. टाना सरोवराकाठच्या आमच्या गावात येशीमबेतला तिची गरज क्वचितच पडे. सहा घरांच्या बायका रोज दुपारी तिच्या अंगणात कॉफीला जमत. तिने मान हलवली की सोयरिकी जुळत, तिने नाक मुरडले की मोडत.

कुंभारीण तिरिंगो गावात नवी आली, तेव्हा स्वतः घडवलेली मातीची किटली भेट म्हणून घेऊन तीही त्या अंगणात आली. कुंभारांची नजर लेकरांना खाते ही आमची पुरातन समजूत. तरीही येशीमबेतने तिला बसायला तिवई दिली. तेवढ्यात कॉफीसोबत जाळलेल्या धुपाचा धूर तिच्याकडे वळला, आणि येशीमबेतने मांडीवरील नातवाच्या तोंडावर शाल ओढली. ते पाहून सहाही जणींनी आपापली लेकरे झाकली. तिरिंगो किटली तिथेच ठेवून निघून गेली.

"मावशी, तुम्ही बरं ओळखलंत," शेजारची मुलुनेश म्हणाली. "आम्ही बावळट, हिच्याशी गप्पा मारत बसलो असतो."

'धूर होता गं' एवढे तीन शब्द पुरे होते. परंतु आपल्याला अदृष्ट दिसते हा लौकिक येशीमबेतला मधुर वाटला.

"पेले पुढे करा, निवतंय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिरिंगोच्या हातातून कोणी मडके घेईना. ती ते जमिनीवर ठेवी, मग लोक उचलीत. पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी अर्ध्याच भरून परतत.

वर्षाच्या आत तिचा नवरा अदमासू येशीमबेतच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. बायका कॉफी पीत होत्या.

"मावशी, कालपासून कळा येतायत. मूल आडवं आहे. नुसता हात लावून बघा. तुम्ही उठलात तर या सगळ्या उठतील."

मुलुनेश हसली. "बायकोची नजर एवढी जबर आहे ना तुझ्या? मग नजरेनंच ओढ म्हणावं."

आडव्या मुलांना वळवून सुखरूप बाहेर आणणारे हात पंचक्रोशीत एकट्या येशीमबेतचे होते. सगळ्या तिच्याकडे पाहत राहिल्या. परंतु उठावे, तर इतक्या महिन्यांचे मौन असत्य ठरणार होते.

"कॉफीत मीठ कुणाला हवंय?" तिने विचारले.

अदमासू दुसरी किटली उकळेपर्यंत थांबला, मग गेला. तिरिंगो पोटातल्या जिवासह सूर्यास्तापूर्वी गेली. खांदा द्यायला कोणी आले नाही. त्याने तिला पाठीशी बांधून नेले.

"गेला नाहीत तेच बरं झालं, मावशी," दुसऱ्या दिवशी मुलुनेश म्हणाली. "तुमच्यावरच उलटलं असतं." येशीमबेतने मान डोलावली.

धुराची गोष्ट तिने मला सांगितली ती जराजर्जर अवस्थेत, अंथरुणावर. आता तरी गावाला सांगा, असे मी विनवले.

"सांगून ती थोडीच उठणार आहे, बाबा? माझं नाव मात्र जाईल. तूही बोलू नकोस."

तिचा शब्द मोडण्याचे धैर्य गावात कुणाला नव्हते. ती जिवंत होती तोवर मलाही झाले नाही. अदमासू तेव्हा गावातच होता.