इनुईंची पहिली रजा

इनुईंनी आयुष्यात कधी रजा घेतली नव्हती. ते स्वतः हे कुणाला सांगत नसत. सांगावंच लागत नसे, इतकं ते जगजाहीर होतं. जपानच्या शिकोकू बेटावरच्या त्या दंतवैद्यक महाविद्यालयात हजेरीचा मान पहिला, हुशारीचा दुसरा. ताप आला तर तोंडाला मास्क लावायचा आणि कामावर यायचं, कारण घरी बसलं तर आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. दुसऱ्याला आजार दिलेला चालतो, त्रास दिलेला चालत नाही.

इनुईंचं काम उंदरांचं. हे उंदीर जन्मतःच कमनशिबी. त्यांची प्रतिकारशक्ती रोगजंतूंवर धावून जायचं सोडून स्वतःच्याच लाळग्रंथींवर तुटून पडते आणि तोंड कोरडं ठणठणीत होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तेच. इनुई त्यांना त्या शक्तीला वेसण घालणारं नवं औषध टोचत आणि किती लाळ सुटते ते बारीक नळीत धरून मोजत.

घरी त्यांची बायको मित्सुए, तिलाही हाच रोग. सुदाचीचं हिरवं लिंबू नुसतं चिरलं तरी अख्ख्या आळीच्या तोंडाला पाणी सुटतं. मित्सुए ते जिभेवर पिळून वाट बघत बसायची. भाताचा प्रत्येक घास तिला चहाच्या घोटाने ढकलावा लागे. उंदरांना औषध मानवलं तर वसंतात ते माणसांना देऊन बघणार होते, आणि त्या पहिल्या माणसांत मित्सुए असणार होती.

औषध मानवतही होतं. उंदरांची लाळ वाढत होती. नेमके तेव्हाच इनुई खोकायला लागले.

"अहो, आज नका जाऊ," मित्सुए म्हणाली. "उंदीर काय हजेरी घेतात का तुमची?"

"मोजणी दुसरं कोण करणार? उगाच कुणाला तरी त्रास."

"मला होतो तो त्रास नसतो वाटतं."

इनुईंनी एकावर एक दोन मास्क चढवले आणि गेले.

आठवड्याभरात औषध दिलेले उंदीर पटापट मेले. शेजारच्या पिंजऱ्यांतले बिनऔषधाचे उंदीर कोरड्या तोंडाने मजेत होते. प्राध्यापक कामेओकांनी निकाल दिला: औषध विषारी आहे, बंद करा. कंपनीची माणसं कमरेत वाकून हो म्हणाली.

इनुईंना मात्र चैन पडेना. मेलेल्या उंदरांच्या फुप्फुसात जो जंतू सापडला, तोच त्यांच्या घशात निघाला. त्यांनी गुपचूप तपासून पाहिलं होतं. औषधाने पहारेकऱ्यांचे हात बांधले होते हे खरं, पण चोराला आत आणलं होतं इनुईंनी. ते कामेओकांकडे गेले. कामेओकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकार देण्याआधी तिकडे ओढतात तशी दातांतून हवा ओढली.

"इनुईसान, औषध चुकलं तर कुणाचं नाक कापलं जात नाही. माणूस चुकला तर सगळ्या विभागाचं जातं. आणि आजारी असून कामावर आलात, हे तर कौतुकाचं. ते चुकीत कसं धरायचं?"

"पण सेन्सेई, औषध बंद होईल."

"होऊ दे की. औषधाला काय बायकामुलं आहेत?"

इनुई माफी मागून बाहेर आले. माफी कशाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी मित्सुए रोज विचारायची, "उंदीर कसे आहेत?" आणि ते म्हणायचे, "बरे आहेत."

महाविद्यालयाच्या आवारात प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांच्या नावाचा एक दगड आहे. शरद ऋतूत सगळे काळे कपडे घालून तिथे जमतात, फुलं वाहतात आणि एकजण त्या आत्म्यांशी चार शब्द बोलतो. त्या वर्षी हा मान सर्वांत नियमित माणसाला मिळाला. पहिल्या रांगेत कंपनीची माणसं बसली होती. इनुईंनी लिहून आणलेला आभाराचा कागद उघडला आणि पुन्हा खिशात घातला. जिवंत माणसांशी खोटं बोलणं त्यांना जमू लागलं होतं, मेलेल्यांशी जमेना.

"तुम्ही औषधाने मेला नाहीत," ते दगडाला म्हणाले. "माझ्या खोकल्याने मेलात. बायको नका जाऊ म्हणत होती. तुमच्या फुप्फुसातला जंतू माझ्या घशातला आहे. औषधाचा दोष नाही. तुमची लाळ वाढली होती, मी स्वतः मोजली. मला क्षमा करा."

त्यांना कुणी अडवलं नाही. मृतांशी बोलणं चाललं असताना मध्ये तोंड घालणं तिथे फार वाईट दिसतं. कामेओकांनी रीतसर फूल वाहिलं, मग इनुईंना बाजूला घेऊन मायेने म्हणाले, "तुमची तब्येत ठीक दिसत नाही. काही महिने घरी बसा." कंपनीचा एक माणूस जाता जाता थांबला. "प्रयोग पुन्हा करू," तो हळूच म्हणाला. "पण दुसऱ्या गावी. तीन वर्षं तरी जातील."

इनुई भर दुपारी घरी आले. मित्सुए एकटीच जेवत होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तोवर तुम्ही घरी."

"काही महिने."

"म्हणजे कोरड्या तोंडाने तुमच्याशी बोलायचंही आलं."

तिने वाटी बाजूला सारली. ओठ थरथरत होते, गालांवर काही नव्हतं. या रोगात डोळ्यांचंही पाणी आटतं हे इनुईंना पाठ होतं. घरात ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण या वेळी ते उंदरांपाशी असत. मित्सुएने फडताळातून थेंबांची बाटली काढली, त्यांच्या हातात दिली आणि मान मागे टाकली.

"घाला," ती म्हणाली. "मला रडायचंय."