शेळ्या धरल्या, मी नाही

गाडी हलायच्या बेतात होती आणि आबा खिडकीशी उभे राहून विचारत होते, "बराबर सांग आता. अर्थशास्त्र शिकून माणूस काय होतो?" जालन्याच्या फलाटावर त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली होती, ती अजून त्यांच्याच हातात होती. माणूस डॉक्टर होतो, वकील होतो, मास्तर होतो, हे त्यांना कळत होतं. एम.ए. झालेली आपली पोरगी दिल्लीला जाऊन काय होणार, हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. "संशोधन करतो," मी म्हणाले. "बँकेत लागली असतीस तर हितंच राह्यली असतीस. सांजच्याला एसटीनं वाटूर फाट्यावर उतरली असतीस, मी आलो असतो घ्यायला." गाडी सुटली. बाटली द्यायची राहूनच गेली.

पूजा, हे तुझ्यासाठी लिहितेय. या दिवाळीत मी गावी आले होते, तेव्हा तू टॅब घेऊन घरोघरच्या पाहणीसाठी आमच्या घरी आलीस आणि जाताना चहा पिता पिता मला विचारलंस, "ताई, मी पण इकॉनॉमिक्सच केलंय. हितं राहून काही व्हायचं न्हाई. दिल्लीला येऊ का?" मी हसण्यावारी नेलं. तुला वाटलं असेल, दिल्लीला गेली आणि शेफारली.

तर आधी नोकऱ्यांचं सांगते. नोकऱ्या आहेत. बँक आहे, विमा आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, जागा निघतील तेव्हा प्राध्यापकी आहे. बियाण्यांच्या कंपन्यांना बाजाराचा अंदाज बांधणारी माणसं लागतात, आणि त्या तर जालन्यातच आहेत. आकड्यांची भीती नसेल, एखादं सॉफ्टवेअर हाताखालून गेलं असेल आणि इंग्रजीत चार पानं सरळ लिहिता येत असतील, तर इकडे दिल्लीतल्या संशोधन संस्था घेतात. मराठवाड्यातून आलीस म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मी अशाच एका संस्थेत आहे. तू दारोदार जाऊन जे प्रश्न विचारतेस, तसले प्रश्न आम्ही इथे एसीत बसून तयार करतो.

काम मला आवडतं. फक्त काम संपल्यावर काय करायचं, ते अजून जमलेलं नाही. मी राहते त्या पीजीतल्या मावशी मला खोलीच्या नंबरानं हाक मारतात. "दो सौ चार, खाना लग गया." मीही ओ देते. ऑफिसात चांगली माणसं आहेत, वाढदिवसाला केक कापतात, पण संध्याकाळी सगळी आपापल्या घरी जातात. मग मी मोबाइलवर मराठीतला हवामानाचा अंदाज लावते आणि आपल्या परतूर तालुक्याचं नाव येतं का ऐकत बसते. तिथे पाऊस असला काय, नसला काय, मला छत्री थोडीच लागणार आहे. पण ऐकते. मी इथे फार एकटी आहे, पूजा.

आता त्या दिवशीचं. तू आईला विचारलंस, "घरात माणसं किती?" आई म्हणाली, "आम्ही दोघं, पोरगा, आन् ही." तू माझ्याकडे बघितलंस. नियम तुला ठाऊक होता: जे एका चुलीवर जेवतात आणि वर्षातले बरेचसे दिवस घरात राहतात, तेवढेच धरायचे. मला तर तो पाठच आहे. पाहणीला निघणाऱ्या नव्या मुलांना मीच शिकवते की आईबाप कितीही गळ घालोत, बाहेर राहणारं लेकरू धरायचं नाही. तू संकोचलीस म्हणून मीच म्हणाले, "मला धरू नको."

"न्हाई कशी धरायची?" आई म्हणाली. "ही काय, समोर बसून राह्यली." तू तिला समजावून सांगितलंस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग तिकडं तरी धरतेत का हिला?"

धरतात. पीजीत राहणारी प्रत्येक मुलगी म्हणजे नियमानं एक वेगळं कुटुंब. कुटुंबप्रमुख मी आणि बाकीचं कुटुंबही मीच. मी आईला तसं सांगितलं. "एकटीचं कुठं कुटुंब असतंय?" ती म्हणाली.

पुढचा प्रश्न जनावरांचा होता. आबांनी शेळ्या एकेक करून सांगितल्या, नुकतं जन्मलेलं करडूसुद्धा सोडलं नाही. तू सगळी नोंदवलीस. "घ्या," आबा म्हणाले, "शेळ्या धरल्या, पोरगी न्हाई धरली." सगळे हसले. मीही हसले. मग चहा आला, तू मला दिल्लीचं विचारलंस आणि मी तेही त्याच हसण्यात घालवलं.

परवा आईचा फोन आला होता. अजून ती पिठाच्या डब्यात हात घालते तो माझ्यासकट अंदाजानं. हाताला सवय आहे, म्हणते. उरलेली भाकर सकाळी शेळी खाते. माझं घर आता एवढंच उरलंय: रोज माझ्या वाटणीची एक भाकर थापली जाते आणि ती मी खात नाही.

तेव्हा माझं उत्तर, ये. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मालकिणीला विचारून ठेवलंय. छोटी शेगडीही बघून ठेवलीय. दोघींनी एका शेगडीवर भाकरी केल्या, की नियमानं आपण एक कुटुंब होऊ. कोणी विचारलं, माणसं किती, तर मला दोन सांगता येईल. पण तू करिअरचा सल्ला मागितला होतास, आणि सल्ला देणारीला सोबत हवी आहे, हे लक्षात ठेवूनच काय ते ठरव.