वाच आणि कर

शाळेत शिपाई म्हणून जन्म गेला. घंटा दिली, पाणी भरलं, पोरांची शेंबडी नाकं पुसली. माझं शिक्षण तिसरी. किस्से म्हणजे शेणींची रास. एक ओढली की चार अंगावर!

ऐंशी सालाच्या आधी आमच्या कोल्हापुरातल्या शाळेत पहिलीला नव्या सुमनबाई आल्या. डालड्याच्या डब्यात चिठ्ठ्या. पोरानं एक काढायची, मनात वाचायची, तोंड न उघडता लिहिलंय ते करायचं. बाकीच्यांनी ओरडून ओळखायचं. बरोबर आलं की टाळ्या!

हेडमास्तर म्हणाले, "ही शाळा हाय का तालीम?"

*

एकदा तपासणीचे साहेब अचानक आले. नेमकी 'झोप' निघालेली. पोरगं फरशीवर आडवं, डोळे गच्च!

साहेबांनी शेरा मारला : 'वर्गात मुले झोपतात.'

बाई सांगायला गेल्या, तर म्हणाले, "मला डोळे आहेत, बाई."

*

गण्याला 'खा' आली. पोरानं हवेतली भाकरी मोडली, चावली, बोटं चाटली. टाळ्या झाल्या. तरी चालूच!

"बास की रे गण्या," बाई म्हणाल्या.

"थांबा की बाई, अजून भरलं न्हाई."

कुणी हसलं न्हाई. मीबी न्हाई.

*

बाबालाल पिंजाऱ्याची मुमताज. बापानं सांगून ठेवलेलं, "दिवाळीपतोर वाचाय आलं तर शाळा. न्हाईतर घरात बसून धाकट्याला सांभाळायचं."

तिला एकदा 'रड' आली. चिठ्ठी बघून उभीच.

"वाचता येईना काय गं?"

"येतंय की बाई. पर सकाळीच रडून आलो."

*

दिवाळीच्या तोंडावर बाबालाल स्वतः वर्गाच्या दारात उभा. खांद्याला कापूस पिंजायची धनुकली.

"बाई, माझ्यासमोर वाचू दे."

बाईंनी डबा पुढं केला. त्यानंच चिठ्ठी काढून पोरीच्या हातात दिली.

मुमताजनं उघडली. ओठ गच्च मिटलेले. एकदा बापाकडं बघितलं, चिठ्ठी बाईंच्या हातात कोंबली, आणि सुटली! वर्गाबाहेर, मैदानातनं सरळ फाटकाकडं!

सगळा वर्ग उभा राहून ओरडायला लागला, "पळ! पळ! पळ!"

"बघा!" बाबालाल म्हणाला, "वाच म्हटल्यावर पळाली. वर ही कार्टी तिला पळ म्हणत्यात!"

"अहो, चिठ्ठीत 'पळ'च लिहिलंय!" बाईंनी चिठ्ठी त्याच्यापुढं धरली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मामा, तुम्ही सांगा."

मी वाचून दाखवली. त्यानं ती घेतली, उलटी केली, सुलटी केली, परत दिली.

"तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणाल ते लिवलेलं असतंय."

तो फाटकाकडं निघाला.

तिथं मुमताज गज धरून उभी होती, धापा टाकत, टाळ्यांची वाट बघत.