‘प्रेम’ सहजासहजी न लिहिणारे मास्तर

आमच्या शेजारचे पेन्शनर मास्तर ‘प्रेम’ हा शब्द कुणालाही सहजासहजी लिहून देत नसत. लढाईच्या दिवसांत बेळगावच्या कॅम्पातल्या शिपायांच्या बायका त्यांच्याकडून पत्रं लिहून घेत. दौत उघडण्याआधी मास्तर उलटतपासणी घ्यायचे. “प्रेम देवावर, माया लेकरावर, प्रीती नवऱ्यावर. तुझं नेमकं काय आहे?” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायची, आमच्या ओसरीवर वह्या तपासताना सगळं ऐकू यायचं.

जवळच्या मच्छे गावच्या तानूआक्कानं एकदा सांगितलं, “लिवा, माजी लई माया हाय.” तिचा नवरा दोन वर्षं मिसरात, म्हणजे इजिप्तच्या आघाडीवर होता. मास्तरांनी तिला माया आणि प्रीतीतला फरक समजावला आणि स्वतःच्या पसंतीनं लिहिलं, ‘इकडे प्रीती दिवसेंदिवस वाढत आहे.’

तिकडून आलेलं उत्तर मास्तरांनीच वाचून दाखवलं. नवऱ्यानं विचारलं होतं, ‘दोन वरसं मी घरी न्हाय. मग ही वाढणारी प्रीती कुणाची पोर?’

तानूआक्का मास्तरांच्या ओसरीवरच मटकन बसली आणि रडायला लागली. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्यासमोरच दोन पानं खुलासा लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि भर उन्हात पोस्टात स्वतः टाकून आले. उत्तर येईपर्यंत त्यांना धड जेवण गेलं नाही. अखेर ते आलं. नवऱ्याची समजूत पटली होती, फक्त पुढची पत्रं ‘सोप्या भाषेत लिवा’ अशी विनंती होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, आजारी भावाला बघायला जांबोटीला गेल्या. भाऊ बरा झाला, पण पाऊस हटेना आणि काकूंचं येणं लांबलं. मास्तर पत्र लिहायला बसले. स्नेह लिहून खोडला, लोभ खोडला, ममताही खोडली. शेवटी कागद घेऊन माझ्याकडे आले.

“तुम्हीच लिहा, बाई.”

काय लिहू, असं मी विचारलं.

“लिहा, आमटी रोज खारट होते.”

मी तेवढंच लिहिलं. काकूंना वाचता येत नव्हतं, भावानं वाचून दाखवलं. चिखल तुडवत त्या चौथ्या दिवशी दारात हजर.

“तीस वरसांत पयल्यांदा नीट लिवलं तुमी,” त्या म्हणाल्या.

शुद्धलेखन तपासायचं आहे, असं सांगून मास्तरांनी तो कागद परत मागितला. काकूंनी दिला नाही.