गोधडीचा चौथा कोपरा

आमची गोधडी गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी बँकेत कामाला गेली होती. वेळेवर पोचली, आत गेली, पाऊण तास थांबली आणि परत आली. तिची हजेरीसुद्धा लागली. फक्त ती माझ्या नवऱ्याच्या नावावर लागली.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी सिंगापूरच्या थंडीबद्दल सांगायला हवं. सिंगापूरला थंडी नसते. (झालं सांगून.) डिसेंबरात पाऊस लागून राहतो, पारा चोवीसवर येतो आणि सेंगकांगमधले आमचे शेजारी जॅकेट घालून लिफ्टमध्ये उभे राहतात, एवढंच. माझा हिवाळा नाशिकहून येतो. शालूमावशी फोनवर "पडली बाई थंडी" म्हणाली, की मी इथे हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावते, फरशीवर जुनी चादर अंथरते, तिच्या चार कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवते आणि गोधडी शिवायला बसते. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास, शनिवार-रविवार दिवसभर. डोक्यावर पंखा पाचवर, मानेवर घाम आणि मांडीवर पाच पदरी गोधडी. घरी येणारे लोक आधी गोधडीकडे बघतात, मग पंख्याकडे, मग माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे अजितकडे. अजित खांदे उडवतो.

शालूमावशी ही आईची मोठी बहीण. मला सुई धरायला तिनेच शिकवलं आणि माझ्याबद्दलचं मतही तिने तेव्हाच बनवून टाकलं: वैशूचा हात चांगला आहे, पण ती काहीच पुरं करत नाही. हे साफ खोटं आहे असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण मावशीच्या कपाटात माझा एका बाहीचा स्वेटर आहे, आणि एक टेबलक्लॉथ आहे, ज्यावरच्या सहा गुलाबांपैकी अडीच उमललेत. सिंगापुरात मी सात वर्षं गोधड्या शिवतेय आणि गेल्या डिसेंबरापर्यंत त्यातली एकही शेवटच्या कडेपर्यंत पोचली नव्हती. दर वर्षीची अर्धी गोधडी पुढच्या वर्षीच्या गोधडीच्या पोटात जाते.

गेल्या वर्षी मावशीला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तिच्या बोटांना आता सुई धरवत नाही, आणि तिची स्वतःची गोधडी विरून पार जाळी झालीय. मी म्हटलं, "मावशी, मी शिवते तुझ्यासाठी."

"सुरू कर की," मावशी म्हणाली. "सुरू तू करतेसच."

मला ते लागलं. चांगलंच लागलं. त्याच दिवशी मी ठरवलं, की या हिवाळ्यात मावशी माझी गोधडी पांघरणार, आणि तीही चारही कडा शिवलेली. वरच्या मजल्यावरची मेघना एका शनिवारी सकाळी नाशिकला निघणार होती. तिने बॅगेत जागा ठेवली आणि बजावलं, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दे. नंतर बॅग उघडणार नाही हं."

मग मी जी बसले ती बसलेच. वर माझ्या दोन सुती साड्या, खाली मऊ झालेली चादर, मध्ये घरातल्या विटक्या कपड्यांचे थर. धावदोरा एक बोट अंतरावर. दोरा नाशिकचा, लाल, मावशीनेच कधीतरी दिलेलं रीळ. चौथ्या कोपऱ्यात भरायला कपडा कमी पडला, तेव्हा खुर्चीवर अजितचा पांढरा शर्ट दिसला. वर्षअखेरची उरलेली रजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने जेवताना त्या शर्टावर वाटीभर लाक्सा, म्हणजे इथलं नारळाच्या दुधातलं लाल नूडल सूप, सांडला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, "हा शर्ट संपला." संपलेला शर्ट! मी बटणं काढून डबीत ठेवली (मी व्यवस्थित बाई आहे), कॉलर कापली आणि बाकीचा शर्ट कोपऱ्यात पसरला. खिसा तसाच ठेवला. तेवढीच जाडी.

त्या कोपऱ्यात सुई अडायला लागली. आत काहीतरी कडक लागत होतं. मला वाटलं, खिशाची शिवण चार पदरी झाली असेल. दुसरी कोणी असती तर तिने बघितलं असतं. पण मी ठरवलेलं होतं की थांबायचं नाही, म्हणून त्या कडक भागाला वळसा घालून टाके घातले. छान चौकोन तयार झाला. इतका छान, की मी बाकीच्या तीन कोपऱ्यांतही तसेच चौकोन काढले. पण एक कोपरा कडक आणि तीन मऊ हे मनाला पटेना. कडा अजून शिवायच्या होत्या, तेव्हा तिथून त्या कापलेल्या कॉलरच्या घड्या आत सरकवल्या आणि चारही कोपरे सारखे कडक करून टाकले. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी मी शेवटची कड शिवली. रिळावर वीतभर दोरासुद्धा उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी पुरं केलं होतं. मला रडूच आलं.

गुरुवारी अजितची रजा संपली. सकाळी आठला तो दारात उभा राहून म्हणाला, "माझा ऑफिसचा पास बघितलास?"

"नाही. कुठे ठेवला होतास?"

"शर्टाच्या खिशात. तो पांढरा शर्ट गं, लाक्सावाला."

अजितने माझ्याकडे बघितलं, मग सोफ्यावर घडी घालून ठेवलेल्या गोधडीकडे बघितलं, आणि सोफ्याच्या हातावर बसला.

एरवी पास हरवला तर नवीन मिळतो. पण अजित रॅफल्स प्लेसच्या बँकेत नियमपालनाच्या खात्यात आहे. लोक नियम पाळतात की नाही ते बघणं हे त्याचं काम. 'आपला पास ही आपली जबाबदारी' हे पत्रक त्यानेच लिहिलंय. महिन्याच्या बैठकीत पास हरवणाऱ्यांची नावं पडद्यावर येतात, आणि ती मोठ्याने वाचायचं कामही त्याचंच. त्या वर्षी त्याने स्वतःचं नाव दोनदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा हरवला तर खातेप्रमुख मिस लिम यांच्यासमोर बसून खुलासा द्यावा लागतो.

गुरुवारी त्याने "घरी विसरलो" म्हणून एका दिवसाचा पास घेतला. (तसं ते खोटं नव्हतं.) पण तो सलग दोन दिवस मिळत नाही. संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "वैशाली, उसव."

"नाही उसवणार."

"एक कोपरा फक्त."

"कुठला?"

मग आम्ही दोघांनी चारही कोपरे दाबून बघितले, वाकवून बघितले, टॉर्च लावून बघितले. चारही सारखेच कडक. इतकं चोख काम मी याआधी कधीच केलं नव्हतं.

"चारही उसव."

"दोरा संपलाय. या रंगाचा इथे मिळणार नाही. आणि मावशी गोधडी आधी उलटी करून बघते. पुन्हा शिवलेलं तिला लांबून कळतं. म्हणेल, बघा, शेवटी ठिगळच लावलं." माझा आवाज चढला. "उद्या संध्याकाळी ही मेघनाच्या बॅगेत जाणार. आणि अशीच जाणार."

"मग मी ऑफिसात कसा जाऊ?"

"गोधडी घेऊन जा."

हे मी रागात म्हटलं होतं. पण म्हटल्यावर वाटलं, यात वाईट काय आहे? पास गोधडीत असला तरी पासच. गेटपाशी एकेक कोपरा लावून बघायचा. दिवा हिरवा झाला की तो कोपरा! मग तेवढाच हळूच उसवायचा. अजित बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तू बरोबर चल. मी एकटा गोधडी घेऊन बँकेत जाणार नाही."

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. गोधडी मोठ्या पिशवीत कोंबली, तरी एक टोक बाहेर राहिलं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं राहायला जागा नव्हती. गाडीतल्या एसीत समोरच्या आजी त्या टोकाकडे फार प्रेमाने बघत होत्या. माझं ऑफिस तांजोंग पगारला, एकच स्टेशन पुढे. मी साहेबांना कळवलं की घरगुती कामामुळे अर्धा तास उशीर होईल. रॅफल्स प्लेसला उतरेपर्यंत अजित देवाचं नाव घेत होता, आणि तो एरवी घेत नाही.

बँकेच्या लॉबीत काचेची फाटकं आहेत आणि प्रत्येकाला कमरेच्या उंचीवर पास टेकवायची काळी पट्टी. अजितने इकडेतिकडे बघत पहिला कोपरा टेकवला. लाल. दुसरा, लाल. गोधडी उलगडत चालली, मागे रांग वाढत चालली. तिसरा, लाल. चौथा, तोही लाल.

एव्हाना गार्ड अंकल आले होते. "सर, व्हॉट इज दिस?"

"माय पास," अजित म्हणाला.

अंकलनी गोधडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "वा, सो बिग, लाह." (इथे वाक्याला शेपूट म्हणून 'लाह' लागतं.)

माझ्या लक्षात आलं की पाच पदरांतून पास ओळखता येत नसणार. दाबायला हवं. अजित म्हणाला, "राहू दे, चल, मी खुलासा देतो." पण मी एवढ्या लांब हात हलवत परत जायला आले नव्हते. मी त्याच्या हातून गोधडी घेतली, एक कोपरा पट्टीवर ठेवला आणि दोन्ही कोपरांनी अंगाचा भार टाकला. मग दुसरा कोपरा. मग तिसऱ्यावर मी जवळजवळ आडवीच झाले, आणि दिवा हिरवा झाला. फाटक उघडलं. मी टेकलेली होते ती तोल जाऊन गोधडीसकट आत गेले, आणि फाटक माझ्यामागे बंद झालं.

आता मी बँकेच्या आत होते आणि अजित बाहेर. मी काचेतून त्याला अंगठा दाखवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नंतर त्याने सांगितलं, की दुसऱ्याच्या पासवर आत जाणं हा त्याच्या पत्रकातला पहिला आणि सर्वांत मोठा गुन्हा आहे. पास हरवणं सातव्या क्रमांकावर येतं.

"आंटी, कॅनॉट लाह!" अंकल धावत आले. (मी चव्वेचाळीसची आहे. अंकल साठीचे तरी असतील.)

"मी बाहेर येते," मी म्हटलं.

"नो, नो. डोन्ट मूव्ह."

तेवढ्यात मिस लिम आल्या. बारीक चणीच्या, काळा कोट, हातात कॉफी. त्यांनी काचेच्या आत मला बघितलं, बाहेर अजितला बघितलं, आणि विचारलं, "अजित, हू इज शी?"

"माय वाइफ."

"अँड दॅट?"

अजितने सगळं सांगितलं. लाक्सापासून सांगितलं. मिस लिम एकदाही हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, पास आत्ता, इथे, सगळ्यांसमोर बाहेर काढायचा. अंकलनी पाकिटं फाडायची कात्री आणली.

"कात्री लावायची नाही," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण सगळ्यांना समजलं. मी आतल्या बाकावर बसले आणि मांडीवर तो कोपरा घेतला. पर्समध्ये सुई असतेच. सुईच्या टोकाने गाठ सोडवली आणि एकेक टाका मागे घेत गेले. आधी कड, मग धावदोऱ्याच्या दोन ओळी, मग चौकोनाची एक बाजू. दोरा तुटू द्यायचा नव्हता, कारण तोच परत वापरायचा होता. बँकेतली माणसं आत येत होती, थबकत होती, लिफ्टकडे जात होती. अजित काचेपलीकडून खुणेने 'लवकर' म्हणत होता. मी मान वर केली नाही. दोन बोटं आत घालून पास ओढला. फोटोतला अजित हसत होता. पास अंकलना दिला आणि त्याच दोऱ्याने, त्याच भोकांतून, मागच्या टाक्यांवरून उलट परत गेले. शेवटी गाठ मारायला दोरा जेमतेम पुरला. गोधडी उलटी करून बघितली. कुठे उसवलं होतं ते माझं मलाच सापडेना.

मिस लिम इतका वेळ उभ्याच होत्या. त्या अजितला म्हणाल्या, पत्रकात आजच एक नियम वाढवा. तो नियम अजितनेच लिहिला: 'पास कोणत्याही कपड्यात शिवू नये.' त्या महिन्याच्या बैठकीत त्याने स्वतःचं नाव दोनदा वाचलं, एकदा पहिल्या गुन्ह्याखाली आणि एकदा नव्या नियमाखाली. तो माझ्याशी चार दिवस फक्त कामापुरतं बोलला.

गोधडी मात्र संध्याकाळी मेघनाच्या बॅगेत गेली आणि रविवारी मावशीला मिळाली. मावशीने व्हिडिओ कॉल केला. गोधडी आधी उलटी केली, चष्मा पुसला आणि ओळीन् ओळ बोटाने तपासली. बोट त्या कोपऱ्यावर गेलं, थांबलं, पुढे सरकलं. तिला काही कळलं नाही! मावशीला कळलं नाही!

"टाके सुरेख आहेत गं," मावशी म्हणाली. मला भरून आलं. मग तिने पुन्हा चारही कोपरे चिमटीत धरून बघितले. "कोपऱ्यांत हे कडक घालायची कल्पनाही चांगली. पण तीनच कोपऱ्यांत घातलंस. चौथा नुसताच मऊ ठेवलास."

बँकेच्या बाकावर बसून, शंभर माणसांदेखत उसवून पुन्हा शिवलेली कड शालूमावशीच्या बोटाला सापडली नव्हती. माझ्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यांत चोख काम होतं, आणि ते सांगायचं तर ती गोधडी पुन्हा उलटी करणार हे नक्की होतं.

"हो गं मावशी," मी म्हटलं. "तेवढं राहिलंच बघ."